पंचिंग मशीनची जाळी

१

आमच्या थोरलीला जुळं झालं, त्या सालची ही गोष्ट. दोन्ही मुली. एक झोपली की दुसरी उठायची, त्यामुळे सगळं घर तेव्हा तांबडे डोळे घेऊन हिंडत असे. मी पुठ्ठ्याची खोकी बनवणाऱ्या एका कारखान्यात पॅकिंगला होतो. कारखाना म्हणजे एक लांबट खोली, वर पत्रा, एका टोकाला मालकांची केबिन. पुठ्ठ्याची भुकटी दिवसभर हवेत उडायची. एक रविवार मध्ये गेला, तरी सोमवारी प्रत्येक वस्तूवर तिची तपकिरी साय धरलेली असे.

खोलीच्या मधोमध पंचिंग मशीन होतं. त्याचा जबडा उघडला की आत पुठ्ठा ठेवायचा आणि हात काढून घ्यायचा. जबडा मिटला की खोक्याचा आकार कापला जाई. जबड्याच्या तोंडाशी लोखंडी जाळी होती. हात आत राहिलाच, तर जबडा मिटण्याआधी जाळी त्याला बाहेर ढकलायची.

मशीनवर चिमणी काम करी. खरं नाव वेगळं, पण अंगानं लहान आणि दिवसभर चिवचिव, म्हणून सगळे तिला चिमणीच म्हणत. तिच्या आधी मशीनवर एक ताडमाड माणूस होता आणि जाळी त्याच्या मापानं बसवलेली होती. चिमणी लाकडी पाटावर उभी राहायची, तरी जाळीची वरची पट्टी नेमकी तिच्या डोळ्यांपुढे यायची. त्यामुळे ती रोज जाळीचा उद्धार करी. त्या शनिवारीसुद्धा जेवणाच्या सुट्टीत सगळ्यांसमोर म्हणाली होती की एक दिवस ही जाळी मी भंगारात घालते की नाही बघा. आम्ही हसलो होतो.

सोमवारी सकाळी काम सुरू होऊन थोडाच वेळ झाला होता. मी सुतळी कापत होतो. मशीनचा एक आवाज आला, रोजच्यासारखाच, पण मध्येच दबलेला. मी वर पाहिलं तर चिमणी नुसती उभी होती. उजव्या हाताची दोन बोटं गेली होती.

मुकादमानं बटण बंद केलं. मी पॅकिंगचं धुतलेलं कापड तिच्या हाताला गुंडाळलं. तिला दवाखान्यात नेलं. मग कोणीतरी मशीनकडे बोट दाखवलं.

जाळी तिथे नव्हतीच. पाटाखाली नव्हती, रद्दीच्या ढिगात नव्हती, मागच्या अंगणात नव्हती. माणसाच्या छातीएवढी लोखंडी जाळी, आणि ती कारखान्यात कुठेच नव्हती.

२

मालकांनी संध्याकाळपर्यंत निकाल लावून टाकला. चिमणीनंच जाळी काढली, बोलली तसं केलं, आणि आता भोगते आहे. तिला कामावरून काढायचं. तिच्या घरी ती आणि सासू, दोघीच. या कामाखेरीज तिला दुसरं काही येत नव्हतं, आणि आता हातही असा.

मालक तसे वाईट नव्हते. आधी त्यांचं कापडाचं दुकान होतं. आमच्या जुन्या मालकांना मूलबाळ नव्हतं, त्यांच्याकडून यांनी वर्षापूर्वी कारखाना विकत घेतला. मशीनपेक्षा यांना कायद्याची भीती जास्त. त्यासाठी त्यांनी एक वकीलबाई धरल्या होत्या. या बाई कोर्टात फारशा जात नसत. लहान कारखाने, दुकानं, बेकऱ्या असलेल्या मालकांना, माणसं कामावर ठेवली की कायदा काय काय मागतो, ते समजावून सांगणं हा त्यांचा धंदा. काही आठवड्यांपूर्वी त्या येऊन सगळं बघून गेल्या होत्या. मागच्या दारापुढचे गठ्ठे हलवायला लावले, प्यायच्या पाण्याची टाकी घासायला लावली, प्रत्येकाला नेमणुकीचं पत्र द्यायला लावलं. तेलकट चिंध्या आग धरतात, म्हणून त्यांच्यासाठी झाकणाचा डबा ठेवायला सांगितला.

मंगळवारी मालकांनी त्यांना बोलावून घेतलं. मी केबिनमध्ये चहा ठेवायला गेलो होतो. मालक विचारत होते की जाळी तिनंच काढली असेल तर कायदा काय म्हणतो.

बाई म्हणाल्या, "कामगारानं जाणूनबुजून स्वतःच्या रक्षणाची वस्तू काढून टाकली, तर त्याला भरपाई मागता येत नाही. कामावरूनही काढता येतं."

"झालं तर मग."

"काय झालं? 'असेल तर' हा शब्द तुमचा आहे. आरोप काय ते तिला सांगायचं, तिचं ऐकायचं, बाकीच्यांना विचारायचं, आणि मग ठरवायचं. ही चौकशी न करता काढलंत, तर ती खरी चुकली असली तरी तुम्ही अडकाल."

मालक म्हणाले की मी पैसे तुम्हाला देतो, तिला नाही.

"म्हणून तर तुम्हाला सांगते आहे," बाई म्हणाल्या. "खोट्याच्या पायावर सल्ला दिला तर तो तुमच्याच अंगावर कोसळेल. शनिवारपर्यंत वेळ द्या."

चौकशीत कोणाच्याच बाजूचा नसलेला एक माणूस त्यांना शेजारी बसवायला हवा होता. मालकांनी माझ्याकडे पाहिलं. मुकादम म्हणाला, काकांना घ्या, ते भांडणात कधी पडत नाहीत. मला तेव्हा लिहिता-वाचता येत नव्हतं, ते मी बाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, "लिहायला मी आहे. तुम्ही ऐका."

पहिली पाळी मालकांचीच आली, याचं त्यांना नवल वाटलं.

ते म्हणाले की मी सोमवारी सगळ्यांच्या आधी येतो. कुलूप मीच उघडतो. तुम्ही सांगून गेल्यापासून एक नियम केला आहे, काम सुरू व्हायच्या आत मी स्वतः सगळीकडे फिरतो, वाट मोकळी आहे का पाहतो, एक चिंधी कुठे दिसू देत नाही. शनिवारी संध्याकाळी डबा रिकामा करून घेतो. हे सांगताना त्यांची मान जरा ताठ झाली होती.

"त्या फेरीत मशीनला जाळी होती?"

"असणारच."

"दिसली?"

मालकांनी पेन उघडलं, पुन्हा बंद केलं. "मशीन जागेवर होतं. एवढं मला आठवतं."

आम्ही मशीनपाशी गेलो. सोमवारपासून त्याला कोणी हात लावला नव्हता. मागे खिडकीच्या कठड्यावर एका डबीचं पत्र्याचं झाकण होतं, त्यात चार बोल्ट. बाईंनी एक उचलला आणि बोटं एकमेकांवर चोळून पाहिली.

"काका, यांना ग्रीस लावलं आहे का?"

मी पाहिलं. ताजं, पिवळं ग्रीस होतं. आटे पुसून, मग लावलेलं.

"मला सांगा, भंगारात घालायच्या वस्तूचे बोल्ट कोणी पुसून ग्रीस लावून ठेवतं का?"

३

मुकादम चाळिशीचा, जाड आवाजाचा, मनानं मऊ. त्यानं सांगितलं की सोमवारी आठाच्या ठोक्याला त्यानं सगळी मशीनं पाहिली आणि जाळी होती. चिमणीनं त्याची पाठ वळल्यावर काढली असणार.

बाईंनी विचारलं की चार बोल्ट काढायला किती वेळ लागतो. तो म्हणाला, पाना असेल तर फार नाही. पाना कुठे असतो? माझ्या खणात, कुलुपात. मग तिला तो मिळाला कसा? मुकादमानं छताकडे पाहिलं. बाईंनी प्रश्न तिथेच सोडला. त्यांची ती रीतच होती. समोरचा अडला की त्याला ढकलायच्या नाहीत, अडलेलाच ठेवून पुढे जायच्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही चिमणीच्या घरी गेलो. दोन खोल्या, जिन्याखालची मोरी, दोरीवर वाळत टाकलेल्या पट्ट्या. चिमणी भिंतीला टेकून बसली होती, हात उशीवर. सासूनं आम्हाला स्टूल दिलं आणि स्वतः दारात बसली.

"विचारा हिला, विचारा," सासू म्हणाली. "एरवी तोंडाला कुलूप नाही. आता चार दिवस झाले नाहीत, तर घर स्मशान झालंय."

"तुम्ही जरा गप्प बसा हो आई."

"बघा. एवढं बोलली. आजची पहिली बोहनी."

बाईंनी आधी चिमणीला तिच्यावर काय आरोप आहे ते समजावून सांगितलं. मुद्दा मुद्दा करून, साध्या शब्दांत. आरोप खरा ठरला तर काम जाईल आणि भरपाईही मिळणार नाही, हेही लपवलं नाही. सासूचा पदर तोंडाला गेला. चिमणीनं माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "काका, तुम्हालाही वाटतं मी काढली?"

मी म्हणालो की मी इथे ऐकायला आलो आहे. मला ते बोलताना बरं वाटलं नाही.

तिनं सांगितलं की ती आली तेव्हाच जाळी नव्हती. तिला वाटलं, शेवटी कोणाला तरी आपली दया आली, माप बदलायला नेली. मुकादम म्हणाला की आजचा माल दुपारी जायचा आहे, हात चालव. तिनं सुरू केलं.

बाई म्हणाल्या, "जाळी नाही हे दिसत होतं. तरी सुरू केलंस?"

"मला थांबवणारं तिथे काहीच नव्हतं, बाई. असतं तर मी बटणाला हात लावला असता का?"

बाईंनी तिच्याकडे जरा वेळ रोखून पाहिलं. मग विचारलं की मुकादम तर म्हणतो, जाळी होती. सासूच बोलली.

"मुकादमाला बायको-मुलं आहेत. त्याला खोटं बोलावंच लागेल. आम्ही दोघी, आम्हाला खरं बोलून भागतं."

जिना उतरताना बाई मला म्हणाल्या की काका, या दोघांपैकी एकजण नक्की खोटं बोलतो आहे, आणि कोण ते चार बोल्टांनीच सांगितलं आहे. मी विचारलं, कसं. त्या म्हणाल्या की ग्रीस लावून, झाकणात नीट ठेवून जाणारा माणूस घाईत नव्हता. सोमवारी आठ वाजता, माल निघायच्या गडबडीत, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत असं काम होत नाही. जाळी त्याआधीच निघाली होती. मग मुकादमानं आठ वाजता काय पाहिलं?

४

मुकादमाला परत बसवलं तेव्हा बाईंनी त्याच्यापुढे झाकणासकट बोल्ट ठेवले आणि काहीच विचारलं नाही. त्यानं एक बोल्ट उचलला आणि परत झाकणात ठेवला.

मग म्हणाला, "जाळी नव्हती. मला दिसलं होतं. मीच म्हणालो चालव म्हणून."

"खोटं का सांगितलंत?"

"तिची बोटं माझ्या तोंडातून गेलेल्या शब्दानं गेली, हे मोठ्यानं म्हणायचं होतं का मी?"

जाळी कोणी नेली हेही त्याला ठाऊक होतं, किंवा अंदाज होता. त्यानंच मागे फिटरला सांगितलं होतं की एखाद्या रविवारी सवड काढून चिमणीच्या मापाची कर, मालकांना सांगत बसू नकोस, ते उगाच घाबरतील. फिटर बाहेरचा माणूस. रविवारी कारखाना बंद असताना यायचा, मुकादमाकडून किल्ली घेऊन मशीनला तेलपाणी करून जायचा. पण तो याच रविवारी जाळी नेईल, हे मुकादमाला माहीत नव्हतं.

फिटरचं शेड दोन गल्ल्या पलीकडे होतं. आम्ही गेलो तेव्हा तो एका पंख्याचं पातं सरळ करत होता. बाईंना पाहून त्यानं हातोडी ठेवली नाही. तो म्हणाला की मी रविवारी आलो, तेल घातलं, गेलो, जाळीला हात लावला नाही.

"बोल्टांना ग्रीस तर फार छान लावलंत," बाई म्हणाल्या.

फिटरची हातोडी थांबली. तो उठला आणि कोपऱ्यातलं पोतं बाजूला केलं. जाळी भिंतीला टेकून उभी होती. वरची पट्टी कापून वीतभर खाली आणली होती आणि नवे जोड चकचकत होते. एका बाजूचं काम झालं होतं, दुसऱ्या बाजूचं राहिलं होतं. रविवारी त्याचा वेल्डिंगचा गॅस संपला. सोमवारी संध्याकाळी बसवून देऊ, असं त्यानं ठरवलं होतं. अपघात झाल्याचं सोमवारी दुपारी कळलं, तेव्हा तो घाबरला. मी कोणाच्या हजेरीवर नाही, मला कोण वाचवणार, म्हणून जाळी पोत्याखाली गेली.

बाई चिडल्या. आवाज चढला नाही, पण शब्द धारदार झाले. म्हणजे मशीन उघडं टाकून तुम्ही निघून आलात, सोमवारी कोणीतरी त्यावर उभं राहणार हे माहीत असून.

"उघडं नाही टाकलं," फिटर म्हणाला. "काका, तुम्ही सांगा यांना. मी आजवर कधी मशीन तसंच सोडून गेलोय का? मी फडकं बांधून आलो होतो."

"कसलं फडकं?" बाईंनी विचारलं.

फिटरनं माझ्याकडे पाहिलं आणि मी फिटरकडे. इतके दिवस चाललेल्या चौकशीत हा शब्द कोणीच उच्चारला नव्हता.

५

मी त्यांना वाटेत समजावलं. आमच्या कारखान्यात जुन्या मालकांच्याही आधीपासूनची एक खूण होती. मशीनमध्ये काही बिघाड असेल, कोणी आत हात घालून काम करत असेल, की मशीनच्या बाजूच्या मोठ्या चाकाच्या आरीला फडकं बांधायचं. फडकं दिसलं की बटणाला हात लावायचा नाही, मग मालक ओरडो की मुकादम. ज्यानं बांधलं त्यानंच सोडायचं. फडकं नसलं की चालवायचं. हे कोणी कोणाला शिकवलं नव्हतं. कामावर आलेल्या माणसाला पहिल्या आठवड्यातच आपोआप कळायचं. पायात चप्पल घालतो हे कोणी पाहुण्याला मुद्दाम सांगत नाही, तसंच हे.

बाई रस्त्यात थांबल्या. त्यांच्या शेजारून एक हातगाडी गेली, तरी त्या हलल्या नाहीत.

"म्हणजे ती म्हणाली, थांबवणारं काही नव्हतं, ते हे."

"हो."

"फिटर म्हणतो बांधलं. ती म्हणते नव्हतं. मुकादम?"

मुकादमाला विचारलं. तो म्हणाला, नव्हतं. असतं तर मी चालव म्हणालो असतो का? माझा बाप त्याच मशीनवर होता.

आता दोघांचं तोंड एका दिशेला, फिटरचं दुसऱ्या. मला वाटलं, फिटर कातडी वाचवायला थाप मारतो आहे. बाईंना तसं वाटत नव्हतं. त्या मशीनच्या चाकापाशी वाकल्या. खिडकीचा उजेड तिरपा पडत होता. चाकाला सहा आऱ्या. पाचांवर भुकटीची साय सारखी बसलेली. सहाव्या आरीवर, मधोमध, चार बोटं रुंदीचा एक काळपट पट्टा होता. तिथलं तेल भुकटी पिऊन काळं झालं होतं, आणि पट्ट्याची कड सरळ होती, गुंडाळलेल्या कापडाची असते तशी.

"बांधलं होतं," बाई म्हणाल्या. "आणि कोणीतरी सोडलं."

त्यांनी चिंध्यांचा डबा मागवला. डबा मोठा, पत्र्याचा, झाकण घट्ट. मी जमिनीवर पुठ्ठा पसरला आणि त्या स्वतः एकेक चिंधी बाहेर काढू लागल्या. वरच्या चिंध्या बोळा करून फेकलेल्या, माणसं फेकतात तशा. खाली जाता जाता तळ आला. सगळ्यांत शेवटी, तळाला चिकटून, एक लांब फडकं निघालं. त्याला बोळा केलेला नव्हता. मधोमध पीळ होता आणि दोन टोकांना गाठीच्या वळ्या अजून तशाच होत्या.

सगळे कामगार हातातलं टाकून उभे राहिले होते. बाईंनी ते फडकं हातात धरलं आणि केबिनकडे पाहिलं. मग मला म्हणाल्या की काका, आत चला. आणि दार लावून घ्या.

६

केबिनमध्ये तिघंच होतो. बाईंनी मालकांना खुर्चीत बसायला सांगितलं आणि एक एक गोष्ट त्यांच्यापुढे मांडली. फिटरनं रविवारी जाळी काढली आणि चाकाला फडकं बांधलं. सोमवारी आठ वाजता, मुकादम आणि चिमणी आले तेव्हा, फडकं नव्हतं. डबा शनिवारी संध्याकाळी रिकामा होतो. तळाला जी चिंधी असते ती आठवड्याची पहिली. म्हणजे कामगार यायच्या आधी, मोकळ्या डब्यात, कोणीतरी ते टाकलं. आमच्या कामगारांपैकी कोणी फडकं सोडणार नाही, ते त्यांच्या हाडात आहे. त्या खुणेचा अर्थ ज्याला ठाऊक नाही, अशाच माणसानं ते सोडलं.

"कारखान्यात असा माणूस एकच आहे," बाई म्हणाल्या. "त्या दिवशी तोच सगळ्यांच्या आधी आला होता."

त्यांचे हात टेबलावर होते, ते त्यांनी मांडीवर घेतले. शेवटी म्हणाले की हो. चाकाला एक घाणेरडं फडकं लोंबत होतं. मला वाटलं कोणीतरी विसरलं. तुम्हीच सांगितलं होतं ना, एक चिंधी दिसायला नको म्हणून.

"सांगितलं होतं. चिंध्या उचला म्हणून सांगून गेले. इथे चिंध्या कशाकशाला लागतात, ते विचारलं नाही. तेवढी चूक माझी. ती मी लिहून देईन."

बाहेर मशीनं बंद होती. इतकी शांतता त्या खोलीत मी कामाच्या वेळी कधी ऐकली नव्हती.

मालकांनी दाराकडे पाहून हळूच विचारलं, "हे बाहेर सांगायलाच हवं का? फिटरनं जाळी नेली, मुकादमानं चालवायला सांगितलं. तेवढं पुरेसं नाही का? आपण तिघंच आहोत इथे."

मला वाटलं होतं बाई भडकतील. त्या खुर्ची ओढून त्यांच्यासमोर बसल्या. वकील आणि गिऱ्हाईक यांच्यात नसतो, घरातल्या थोरल्या बहिणीचा असतो, तसा त्यांचा सूर झाला.

"नीट ऐका. फडकं तुम्ही काढलंत तरी जबाबदारी तुमची, नसतं काढलंत तरी तुमचीच. कायद्यानं जाळी मागितली होती, फडकं नाही. जाळी नसताना मशीन चालू शकलं, तिथेच तुमच्यावरचं ठरलं. मुकादम तुमचा, फिटर तुम्ही बोलावलेला. तेव्हा लपवून तुमचं काही वाचत नाही. एकच गोष्ट बदलते."

"कुठली?"

"तिनं काढली नाही, हे सगळ्यांना कोणाच्या तोंडून कळतं, ती."

मालक उठले. मला वाटलं, पाणी प्यायला उठले असतील. पण ते दार उघडून बाहेर गेले, मशीनपाशी जाऊन उभे राहिले. दुकानात बसून बसून त्यांना मोठ्यानं बोलायची सवय नव्हती, त्यामुळे मागच्या बायांना दोन पावलं पुढे यावं लागलं.

"जाळी चिमणीनं काढली नाही," ते म्हणाले. "फडकं बांधलेलं होतं. ते मी सोडलं. मला माहीत नव्हतं, पण सोडलं मी."

मुकादमानं डोक्यावरची टोपी काढली आणि पुन्हा घातली. गोंदाच्या पातेल्यापाशी बसणारी म्हातारी पुटपुटली की चोर सोडून संन्याशाला फाशी देत होतो आपण, आणि तिनं उलथनं पुन्हा गोंदात फिरवायला सुरुवात केली.

७

त्याच संध्याकाळी मालक चिमणीच्या घरी गेले. मला बरोबर नेलं. ते स्टुलावर बसून हातातल्या रुमालाच्या घड्या घालत राहिले. सासूनंच विचारलं की चहा घेणार की नुसते बसणार. चिमणी म्हणाली की मला एवढंच सांगा, मी परत यायचं का नाही. मालक म्हणाले, हात बरा झाला की ये. तोवर तुझी जागा कोणाला देणार नाही. मग ती रडली, अपघाताच्या दिवशी रडली नव्हती ते सगळं.

तिला कायद्यानं जे द्यायचं ते मालकांनी खळखळ न करता दिलं. मुकादमाला लेखी ताकीद मिळाली आणि त्यानं ती निमूट घेतली. फिटरनं जाळी पुरी करून बसवली, आणि नंतर त्याच्या येण्या-जाण्याचं सगळं आधी ठरवून व्हायला लागलं. प्रत्येक मशीनच्या बटणाला कुलूप आलं. जो दुरुस्ती करतो त्याच्या खिशात किल्ली. बाईंनी फडक्याची पद्धतही बंद करू दिली नाही. कुलूप कायद्यासाठी, फडकं माणसांसाठी, असं त्या म्हणाल्या. आणि कामावर नवा माणूस आला, मग तो झाडूवाला असो की मालकांचा जावई, त्याला पहिल्या दिवशी सगळ्या खुणा शिकवायच्या, हे त्यांनी नियमात घातलं. दुसऱ्या कारखान्यांत गेल्यावरही त्या आधी कामगारांना विचारायच्या, तुमच्याकडे न लिहिलेलं काय काय आहे.

चिमणी परत आली तेव्हा पहिले काही महिने पॅकिंगला माझ्या शेजारी बसली. डाव्या हातानं सुतळीची गाठ मारायला ती माझ्याकडून शिकली, आणि मग माझ्यापेक्षा चांगली मारू लागली, आणि मला ते दिवसातून दहा वेळा ऐकवू लागली. पुढे ती पंचिंगवर गेली, पुढे मुकादम झाली. पाटावर उभी राहून सगळ्यांना हुकूम सोडायची. मी म्हातारपणामुळे काम सोडलं तेव्हा निरोपाचं भाषण तिनंच केलं. ते इतकं लांबलं की गोंद वाळला.

मालक त्यानंतर सात वर्षांनी वारले, झोपेतच. कारखाना त्यांच्या मुलीकडे आला. वकीलबाई आता खूप थकल्या आहेत, पण आहेत.

चिमणी गेल्या वर्षी, थंडी सरता सरता, एका मंगळवारी पहाटे वारली. आदल्या दिवशी संध्याकाळी ती कामावरूनच घरी गेली होती. हजेरीवरून तिचं नाव कमी झालं ते त्या मंगळवारी.